विश्लेषण : एक छप्पर, एक पंगत! सातारा-सांगलीच्या शाळांना कर्मवीर भाऊराव पाटलांनी कोणती परंपरा दिली?

शाळेची परंपरा म्हटले की स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, गणवेश, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे डोळ्यांसमोर येतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील रयत शिक्षण संस्थेच्या शाळांमध्ये हे सगळे आहेच. शिवाय तिथे २२ सप्टेंबरचा दिवस एखाद्या सणासारखा साजरा होतो. हा कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्मदिवस. मात्र या शाळांचा खरा वारसा मिरवणुकीत नाही, तो वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात घडला. कसा, ते समजून घेऊ.

भाऊरावांचे बालपण कुठे गेले?

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण वेगवेगळ्या गावांत गेले. विटा हे त्यांपैकी एक. ऐतवडे आणि विटा ही गावे आज सांगली जिल्ह्यात येतात, पण त्या काळी हा मुलूख सातारा जिल्ह्याचा भाग होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कर्मवीरांची कहाणी या दोन्ही जिल्ह्यांची आहे.

वसतिगृह का सोडावे लागले?

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने जातवार वसतिगृहे उभी राहत होती. प्रत्येक समाजातील मुलगा शिकावा, यासाठी त्या काळात तोच मार्ग व्यवहार्य होता.

१९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हावे, असा वसतिगृहाचा दंडक होता. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. कुस्ती आणि मल्लखांबात रमणाऱ्या या मुलाचे शालेय शिक्षण मात्र मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले.

शाळेची परंपरा मुलांना जोडू शकते, तशीच ती तोडूही शकते, हे त्यांनी विद्यार्थी असतानाच अनुभवले होते.

एकत्र वसतिगृहाची कल्पना कधी रुजली?

शिक्षण सुटल्यावर भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. शेतकऱ्यांची मुले शाळेपर्यंत का पोहोचत नाहीत, हे या भटकंतीत त्यांना जवळून दिसले. खेड्यात हायस्कूल नव्हते. शहरात शाळा होती, पण राहण्या-जेवण्याची सोय नव्हती. म्हणजे नुसती शाळा काढून भागणार नव्हते, आधी वसतिगृह हवे होते.

१९१० मध्ये सांगलीजवळच्या दुधगाव येथे सहकाऱ्यांच्या मदतीने सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. याच काळातली एक घटना नेहमी सांगितली जाते. इस्लामपूरच्या शाळेत अस्पृश्य समाजातील एक मुलगा वर्गाबाहेर बसलेला भाऊरावांना दिसला. त्यांनी त्याला आपल्यासोबत नेले आणि कोल्हापुरात त्याच्या शिक्षणाची सोय केली. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढे ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळाचे सदस्य झाले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या वसतिगृहात वेगळे काय होते?

शाहू बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, जैन, मुस्लीम अशी सर्व समाजांतील मुले एकाच छपराखाली राहत. दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट आणि शेतीची कामे तीच वाटून घेत. आज एकाने भाकरी थापायच्या, उद्या दुसऱ्याने. जेवायला सगळे एकाच पंगतीत.

आज हे साधे वाटेल. पण ज्या काळात पाणवठे वेगळे होते, शाळेत बसायच्या जागा वेगळ्या होत्या, त्या काळात कोणाच्या हातची भाकरी कोण खातो, हा गावकीचा प्रश्न होता. भाऊरावांनी जातिभेदावर नुसती व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी मुलांची दिनचर्याच अशी आखली की भेद पाळायला जागाच उरू नये.

लक्ष्मीबाईंचा वाटा किती?

खर्चाची बाजू कायम लंगडी होती. धान्य शेतकऱ्यांकडून गोळा केले जाई, तरीही कधी कधी कोठी रिकामी पडे. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने एकेक करून गेले. शेवटी मंगळसूत्रही वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी गेले. सोवळेओवळे मानणाऱ्या वातावरणात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांसारखे सांभाळले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. वसतिगृहातील पंगतीचा इतिहास त्यांच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही.

कमवा आणि शिका योजना हायस्कूलमध्ये कशी आली?

१९३२ च्या पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. तिथेही सर्व समाजांतील विद्यार्थी एकत्र राहू लागले. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे राहिले. विद्यार्थ्याने फीच्या बदल्यात श्रम करायचे, हे या निवासी शाळेचे सूत्र होते. शेतात राबणारा मुलगा दुपारी वर्गात बसे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण शेजारचाही तेच करत असे. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि हीच पद्धत महाविद्यालयातही गेली.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कूल काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पुढे सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबले. ते परत मिळावे म्हणून संत गाडगेबाबांनी शब्द टाकला. १९५४ मध्ये कराडला सुरू झालेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव देण्यात आले.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले. पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेच्या हायस्कूलची संख्या शंभरावर गेली होती. त्यांची समाधी साताऱ्यात आहे.

आज या परंपरेचे काय उरले आहे?

संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे आणि स्वावलंबन हे तिचे ब्रीद. कवी विठ्ठल वाघ यांचे रयतगीत शाळाशाळांत गायले जाते. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे भाऊरावांच्या हाताखाली वाढलेले विद्यार्थी पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सांगली जिल्ह्यातील ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील यांनी अनेक वर्षे संस्थेचे चेअरमनपद सांभाळले.

आता गावोगाव हायस्कूल आहे आणि बहुतेक मुले संध्याकाळी घरी परततात. एकत्र राहणे, एकत्र रांधणे हा अनुभव त्यामुळे मोजक्याच मुलांच्या वाट्याला येतो. मिरवणूक, गीत आणि प्रतिमापूजन पुढच्या पिढीकडे सहज जाते. पंगत मात्र दरवेळी नव्याने मांडावी लागते. वर्गातील डबा कोण कोणासोबत खातो, सफाईचे काम कोणाच्या वाट्याला येते, सहलीत कोण कोणाशेजारी बसतो, या साध्या गोष्टींतून कळते की शाळेत कर्मवीरांची परंपरा चालू आहे की फक्त त्यांची जयंती.