तय्यबजी बंधु आणि वकिलीची पेढी

विद्वत्ता असली की वकिली आपोआप चालते, हा समज अनुभवास धरून नाही. मुंबई हायकोर्ट १८६२ साली सुरू झाले, तेव्हा त्याच्या ओरिजिनल साइडवर दुहेरी पद्धत होती. अशिलाने सॉलिसिटराच्या पेढीवर जावे, पेढीने कागद सिद्ध करावे आणि तिने नेमलेल्या बॅरिस्टरानेच न्यायाधीशापुढे वाद करावा. पेढीने ब्रीफ न दिल्यास बॅरिस्टर कितीही बुद्धिमान असो, तो कोर्टात मुकाच. शिवाय त्या काळी वजनदार पेढ्या इंग्रजांच्याच होत्या.

अशा वेळी तय्यबअली नामक मुंबईच्या एका बोहरा व्यापाऱ्याने आपल्या मुलांस विलायतेस पाठविले. वडील बंधु कमरुद्दीन हे १८५८ साली सॉलिसिटर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. धाकटे बद्रुद्दीन, जन्म १८४४, हे डोळ्यांच्या विकारामुळे शिक्षण अर्धवट टाकून परत आले. परंतु हिंमत न सोडता पुन्हा गेले आणि १८६७ साली मुंबई हायकोर्टाचे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. वडील भावाच्या पेढीचा आधार त्यांस मिळाला. पुढील लौकिक मात्र त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वाने मिळविला.

त्या लौकिकाचा उपयोग त्यांनी केवळ द्रव्यार्जनासाठी केला नाही. विलायती कापडावरील जकात उठविण्याविरुद्ध ते १८७९ साली बोलले. अंजुमन-इ-इस्लाम स्थापण्यात दोघेही बंधु होते. बद्रुद्दीन यांनी स्वतःच्या मुलींस शाळेत घातले आणि १८८७ साली मद्रास येथील राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद स्वीकारले.

१८९५ साली ते न्यायाधीश झाले. दोन वर्षांनी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. मॅजिस्ट्रेटाने जामीन नाकारला, हायकोर्टातही पहिला अर्ज फेटाळला गेला. तोच अर्ज तय्यबजींपुढे आला, तेव्हा सरकारची मर्जी न पाहता त्यांनी जामीन मंजूर केला. आणि द्वारकादास धरमसी या व्यापाऱ्याने निर्भयपणे जामीनकी पत्करली. तो अर्ज चालविणारे बॅरिस्टर दावर पुढे स्वतः न्यायाधीश झाले आणि १९०८ साली त्यांनीच टिळकांस जामीन नाकारून सहा वर्षांची हद्दपारी ठोठावली. न्यायासनावर हिंदी मनुष्य बसला म्हणजे सारे साधले असे नव्हे, हे यावरून दिसते.

तय्यबजी १९०६ साली लंडन येथे निवर्तले. ती दुहेरी पद्धतही आता राहिलेली नाही. परंतु पहिले काम मिळाल्यावाचून गुण उजेडात येत नाही, हा नियम मात्र कायम आहे. तेव्हा दिवाणी दाव्याचे कागद घेऊन वकिलाकडे जाणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस एवढेच सांगणे आहे की, नेहमीच्या मोठ्या नावाबरोबर एखाद्या होतकरू नवख्यासही काम द्यावे. कमरुद्दीन यांची पेढी नसती, तर तय्यबजींची गुणवत्ता उजेडात येण्यास किती वर्षे लागली असती, याचा ज्याने त्याने विचार करावा.