चहाची रोपं पळवणाऱ्या माणसानं लंडनच्या थंडीत पामचं झाड जगवलं होतं

पाम म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर कोकण येतं. नारळ, पोफळी आणि दमट हवा. पण इंग्लंडमध्ये, जिथं हिवाळ्यात बर्फ पडतो, तिथंही लोकांच्या बागेत पाम उभे दिसतात. यामागं एक नाव आहे, रॉबर्ट फॉर्च्युन.

फॉर्च्युन १८१२ चा, स्कॉटलंडमधल्या साध्या घरातला. बागकाम शिकत तो एडिंबरोच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आणि तिथून लंडनला पोहोचला. १८४३ मध्ये हॉर्टिकल्चरल सोसायटीनं त्याला नवी झाडं शोधायला चीनला धाडलं.

तिथं चुसान बेटावर त्याला एक पाम दिसला. खोडाभोवती दाट काथ्या. गावकरी त्याचे दोर वळायचे, पावसात अंगावर घ्यायचे झगे बनवायचे. आपल्याकडच्या इरल्याचा भाऊबंदच म्हणा ना. फॉर्च्युनला कळलं, हे झाड कडाक्याच्या थंडीतही तगतं.

१८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला पुन्हा चीनला पाठवलं, यावेळी चहासाठी. परदेशी माणसाला आतल्या भागात जायला बंदी होती. गड्यानं डोकं भादरलं, शेंडी लावली, चिनी कपडे चढवले आणि काचेच्या बंद पेट्यांतून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवली.

याच दौऱ्यात, १८४९ मध्ये, त्यानं लंडनच्या क्यू गार्डनला पामची रोपं पाठवली. गंमत बघा, आदल्याच वर्षी क्यूमध्ये पामसाठी काचेचा अवाढव्य महाल बांधून झाला होता. आत ऊब राहावी म्हणून बॉयलर लावले होते. पण फॉर्च्युनचा पाम बाहेर उघड्यावर लावला गेला. वर कसलंही आच्छादन नाही. तरी त्यानं तो हिवाळा काढला. मग राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्नच्या बागेतही हा पाम लागला.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याला जपायची गरजच नाही का? तर आहे. पामला शेंड्याला एकच कोंब असतो. तो कुजला की झाड गेलं. म्हणून थंड देशातले लोक कडक हिवाळ्याआधी झावळ्या वर गोळा करून बांधतात, भोवती हवा खेळेल असं कापड गुंडाळतात आणि मुळांवर पालापाचोळ्याचा जाड थर देतात. प्लास्टिक मात्र टाळतात, कारण आत ओल साचते आणि कोंब कुजतो. लहान रोपांची काळजी जास्त घ्यावी लागते.

खरं तर फॉर्च्युन पहिला नव्हता. सीबोल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८३० मध्येच जपानमधून या पामच्या बिया युरोपात आणल्या होत्या. पण थंडीत उघड्यावर तो जगतो, हा विश्वास फॉर्च्युनच्या रोपांनी दिला.

१८८० मध्ये फॉर्च्युन वारला. झाडाच्या शास्त्रीय नावात आजही 'फॉर्च्युनी' आहे. ज्या चिनी गावकऱ्यांना हे झाड पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांचं नाव मात्र कुठंच नाही.