परक्या मैदानावरील मान : पालवणकर बाळू यांची जीवनकथा

आपण कधी तंजावरास गेलात, तर शिवगंगा बागेजवळील जुने मंदिर अवश्य पाहा. मंदिर म्हणजे येथे ख्रिस्ती उपासनेचे मंदिर, 1779 साली उभे राहिलेले. त्यात जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर पडलेले जर्मन मिशनरी श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेले मराठी राजे सरफोजी भोसले असे ते दृश्य होय. श्वार्ट्झ 1798 साली निवर्तले. दूरदेशाहून आलेल्या एका परक्याला या भूमीवर केवढा मान मिळाला, हे त्या दगडात कायमचे कोरले गेले आहे.

त्या शिल्पापुढे उभा असता मला नेहमी एका मराठी माणसाचे स्मरण होते. त्याची वाट उलट दिशेची होती. घरच्या अंगणात ज्याला दाराबाहेर बसावे लागले, तो परदेशाच्या मैदानावर आपल्या कौशल्याने वाखाणला गेला. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, चर्मकार समाजातील. त्यांचा जन्म 1870 च्या दशकात धारवाड येथे झाला. वडील सैन्यात नोकरीस असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. तेथे पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रूळ फिरविण्याचे काम या मुलाला मिळाले. वेतन महिना तीन रुपये. पुढे 1892 साली युरोपियनांच्या पूना जिमखान्यात तो चार रुपयांवर लागला. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकणे, ही त्याची कामे. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्याच्याकडून सराव करून घेई. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे द्यायचे, असे ग्रेगने ठरविले होते, असे सांगतात. डावखुऱ्या हाताची ती फिरकी अशा रीतीने मजुरीच्या कामातून तयार झाली. फलंदाजीसाठी बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही.

साहेबांना हरवायचे तर असा गोलंदाज हवा, हे पुण्याच्या हिंदू खेळाडूंना उमगले. त्यांनी बाळूंना संघात घेतले. परंतु घेतले ते केवळ मैदानापुरते! चहाच्या वेळी इतर मंडळी आत बसत आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. चेंडू मात्र सर्वांच्या हातून फिरे. त्याला विटाळ नव्हता. वाचकहो, या विसंगतीवर क्षणभर थांबून विचार करा. न्यायमूर्ती रानडे यांना ती जाणवली. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत असू नये, अशी भूमिका त्यांनी जाहीरपणे मांडली.

पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर बाळू मुंबईस आले. रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात स्थान मिळाले. 1906 सालच्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरविले, तेव्हा बाळू व त्यांचे बंधू शिवराम दोघेही संघात होते. मुंबईच्या जिमखान्यात या भावांना उपाहारगृहात सर्वांबरोबर बसता येऊ लागले होते. त्या काळच्या सुधारकांनी या गोष्टीचे मोल विजयाहून कमी मानले नाही.

मग आले 1911 साल. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला निघाला. महाराजांच्या त्या संघात पारशी, मुसलमान, हिंदू, आणि त्यांत हे दोघे पालवणकर बंधू! बाळूंनी तेव्हा वयाची पस्तिशी गाठली होती. अनोळखी हवामान, ओलसर खेळपट्ट्या, आठवड्यामागून आठवडे चाललेला प्रवास. संघ बहुतेक सामने हरला. परंतु बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात 114 बळी मिळविले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8 गडी बाद केले, आणि लेस्टरशायरवरील विजयात त्यांचा मोठा वाटा होता. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक झळकाविले.

त्या काळच्या इंग्लंडमध्येही भिंती होत्या, हे विसरू नये. हौसेने खेळणारे सभ्य गृहस्थ आणि पैसे घेऊन खेळणारे व्यावसायिक यांची मैदानावर उतरण्याची दारेसुद्धा वेगळी असत. तो भेद 1960 च्या दशकात जाऊन मिटला. परंतु पोटासाठी चेंडू टाकावयास शिकलेल्या या माणसाची पारख तेथे त्याच्या गोलंदाजीवरून झाली, जन्मावरून नव्हे.

मायदेशी परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राच्या तयारीत भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याचा हात होता. त्यांच्या दृष्टीने बाळू हे समाजाचे भूषण होते.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंच्या वाट्यास आले नाही. 1920 साली मोठ्या वादानंतर ते उपकर्णधार झाले. जे त्यांना मिळाले नाही, ते धाकटे बंधू विठ्ठल यांना 1923 साली मिळाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघ विजयी झाला आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले.

उत्तरायुष्यात बाळू राजकारणात उतरले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. आंबेडकरांच्या मार्गाहून त्यांचा मार्ग आता निराळा झाला होता. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते आंबेडकरांविरुद्धच उभे राहिले. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. एकेकाळी ज्याने गौरव केला त्याच्याशीच झुंजावे लागले, ही त्या आयुष्यातील वेदना. दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरविण्याचा अधिकार मी घेत नाही. एकाच जखमेवर दोघांनी दोन उपाय शोधले, एवढेच म्हणतो. 4 जुलै 1955 रोजी बाळू मुंबईत निवर्तले.

तंजावरात या माणसाचे शिल्प नाही, आणि असण्याचे कारणही नाही. परंतु सरफोजींनी धरलेला तो हात पाहताना मनात प्रश्न येतो. परक्याचा हात हाती घेणे एक वेळ सोपे. आपल्याच गावच्या, आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाचा हात आपण धरतो काय? त्याचे कसब आपण आत घेतो, आणि त्याला स्वतःला दाराशीच ठेवतो काय? वाचकहो, पुढच्या वेळी आपल्या घरी, कचेरीत किंवा मंडळीत चहाचे पेले भरले जातील, तेव्हा बाहेर कोण उभे आहे, एवढे जरूर पाहा.