धर्मानंद कोसंबी : सोडलेले घर आणि जोडलेला समाज

गोव्यातील साखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. घर सारस्वत ब्राह्मणाचे. चरितार्थाचे साधन म्हणजे नारळीची बागायत. लहानपणी धर्मानंदांची प्रकृती अशक्त होती आणि या मुलाच्या हातून पुढे काही विशेष घडेल, असे घरात कोणाला वाटत नव्हते. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. मराठी शिक्षणाची सोय तुटपुंजी, उच्च शिक्षणाची तर गावाकडे नव्हतीच. त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण खंडित स्वरूपाचे झाले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि बागेची देखरेख त्यांच्याकडे आली. त्या काळच्या मध्यम स्थितीतील घराने मुलासाठी जे आयुष्य आखावे, ते सारे असे आखून झाले होते. माड राखावेत, देणी फेडावीत, वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा आणि संसार करावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती.

या आखलेल्या आयुष्यात पुस्तकांनी प्रवेश केला. प्रारंभी त्यांच्या मनाची पकड तुकाराम महाराजांनी घेतली. पुढे मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोध’ या मासिकात गौतम बुद्धांचे संक्षिप्त चरित्र त्यांच्या वाचनात आले. ते वर्ष १८९७. त्या छोट्या लेखाने त्यांच्या मनात जे बीज पडले, ते पुन्हा उपटून काढणे कोणालाही शक्य झाले नाही. भगवान बुद्धांनी नेमके काय सांगितले, ते मूळ ग्रंथांतून समजून घ्यावे आणि आपल्या मराठी बांधवांना त्यांच्याच भाषेत सांगावे, अशी ओढ त्यांना लागली. परंतु ही ओढ समजून घेईल असे माणूस गावात नव्हते. बौद्ध धर्म ही त्या परिसरात शतकांपूर्वी लोपलेली गोष्ट होती. ज्या विद्येने पोट भरत नाही, जिचा शिक्षक जवळपास नाही आणि जिचे नावही शेजाऱ्यांना ठाऊक नाही, अशा विद्येसाठी झुरणारा तरुण लोकांना भरकटलेला वाटला, तर त्यात नवल नाही.

घर सोडून जाण्याचे त्यांचे पहिले प्रयत्न अर्धवट राहिले. कर्तव्याची जाणीव, प्रकृतीची चिंता आणि आप्तांचा आग्रह यांनी त्यांना मागे ओढले. अखेर १८९९ साल सरता सरता त्यांनी घर सोडले. त्यांची पहिली कन्या माणिक त्या वेळी वर्षाचीही झालेली नव्हती.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. मनाचा कल आणि मनाची लहर यांत अंतर असते, आणि ते अंतर श्रमांच्या कसोटीवरच कळते. धर्मानंद प्रथम पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या विद्वानांची भेट झाली. संस्कृताचा पाया पक्का झाल्यावाचून पुढचा मार्ग खुला होणार नाही, हे ध्यानात येताच त्यांनी ग्वाल्हेरमार्गे काशीची वाट धरली. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळला गेले, परंतु तेथे पाहिलेल्या स्थितीने त्यांची निराशा झाली. तेथून बोधगया, तेथून कलकत्ता आणि अखेर १९०२ साली सिंहलद्वीप असा त्यांचा प्रवास झाला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या छायेखाली त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालि भाषेचे अध्ययन आरंभिले. तेथून पुढे मद्रास आणि ब्रह्मदेश झाले. अनोळखी भाषा, न मानवणारे अन्न आणि हवा, हाती पैसा नाही, अशा अवस्थेत ही वर्षे गेली. केवळ हौस असती तर ती काशीच्या पहिल्या उन्हाळ्यातच विरली असती.

तथापि या कथेची एक बाजू आपल्यासारख्या वाचकांनी नजरेआड करू नये. धर्मानंदांनी हालअपेष्टा सोसल्या हे खरे, पण काशीच्या अन्नछत्राचे आणि शास्त्र्यांच्या पाठशाळेचे दार त्यांना उघडे होते, ते जन्माने ते ब्राह्मण होते म्हणून. त्यानंतर काही वर्षांनी मुंबईत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत शिकण्याची तीव्र इच्छा असूनही जातीमुळे ती भाषा नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृत आत्मसात केले. ज्ञानाची ओढ दोघांचीही अस्सल होती, पण एकाला घराचा उंबरठा ओलांडावा लागला, तर दुसऱ्यासमोर समाजाने भिंतच उभी केली होती. आपल्या आवडीचा मार्ग धरा, असा उपदेश तरुणांना करताना हा भेद विसरला, तर तो उपदेश पोकळ ठरतो.

१९०६ च्या सुमारास धर्मानंद भिक्षुवेष सोडून कलकत्त्यास अध्यापन करू लागले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठात त्यांनी पालि शिकविली. ज्या मुलाकडून घराने फारशी अपेक्षा केली नव्हती, तो आता विद्यापीठाचा अध्यापक झाला होता. लोकांच्या दृष्टीने येथे कथा सफल संपूर्ण व्हावयास हवी होती. परंतु आता दुसऱ्या प्रकारचा दबाव सुरू झाला होता. पहिला दबाव निंदेचा होता, हा प्रतिष्ठेचा. निंदेला तोंड देणारी माणसे पुष्कळ आढळतात, पण मिळालेला मान आणि वेतन बाजूस ठेवणारी विरळा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा. कलकत्त्यात राहिले असते, तर याहून कितीतरी अधिक वेतन मिळाले असते. धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले, कारण घर सोडताना मनाशी धरलेला हेतू महाराष्ट्रात परतल्यावाचून सिद्धीस जाणार नव्हता. १९१० साली प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हा ग्रंथ या काळातला.

त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून त्यांना बोलावणे आले. आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची संशोधित आवृत्ती सिद्ध करण्याचे काम तेथे चालू होते. धर्मानंदांनी ते निष्ठेने केले, परंतु श्रेयाच्या प्रश्नावरून तेथील प्राध्यापकांशी मतभेद झाल्यावर १९१२ साली ते स्वदेशी परतले. त्यानंतर सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालिचे अध्यापन केले. मुंबई विद्यापीठात पालिच्या अभ्यासाला स्थान मिळण्यामागे डॉ. भांडारकरांच्या पाठिंब्याबरोबर धर्मानंदांचेही प्रयत्न होते. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या शिकवणुकीतून घडले. ज्या प्रांतात आपल्याला पालिचा एक शिक्षक मिळाला नाही, तेथे पुढच्या पिढीला तो मिळावा, अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच्या हयातीत करून ठेवली.

आता बाळाबाईंविषयी लिहिले पाहिजे. थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या पत्नीचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. तसे करणे येथे योग्य होणार नाही. पती सुमारे सात वर्षे परागंदा, पदरी तान्ही मुलगी आणि भोवती बोलणारे गाव, अशा स्थितीत बाळाबाईंनी दिवस काढले. जाण्याचा निर्णय धर्मानंदांचा होता, त्याची किंमत मात्र दोघांनी मोजली, आणि बाळाबाईंना कोणी विचारले नव्हते. समाज त्या काळी स्त्रीला विचारीत नसे, एवढे म्हणून हा हिशेब मिटत नाही. धर्मानंदांच्या बाजूने इतके नमूद करता येते की, ते परतले. पुण्यात संसार थाटला. १९०७ साली पुत्र दामोदर जन्मास आला, त्यानंतर मनोरमा आणि कमला या कन्या झाल्या. १९१८ साली हार्वर्डला पुन्हा जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर यांना शिक्षणासाठी बरोबर नेले. त्या काळात मुलीला शिक्षणासाठी अमेरिकेस नेणारा बाप दुर्मीळच. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगविख्यात झाले. आपली वाटचाल धर्मानंदांनी १९२४ साली ‘निवेदन’ या आत्मचरित्रात मांडली.

या अनुभवाची छाया त्यांच्या संशोधनावर पडली असावी, असे वाटते. ‘भगवान बुद्ध’ या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा तपासून पाहिली. वृद्ध, रोगी आणि मृत देह अकस्मात दिसणे, पत्नी व पुत्र निद्रिस्त असताना मध्यरात्री निघून जाणे, हा भाग नंतरच्या काळात रचला गेला, असे त्यांचे मत झाले. प्राचीन सुत्तांत आढळते ते निराळेच. तेथे तरुण गौतम अश्रू ढाळणाऱ्या मातापित्यांच्या समोर घर सोडतो. म्हणजे जाणे लपून नव्हते, आणि ज्यांना दुःख होणार होते त्यांच्या दुःखाकडे पाठ फिरवूनही नव्हते. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्यावरील कलहाचा संबंधही त्यांनी या त्यागाशी जोडला. पुढे बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहत्यागाचे कारण म्हणून हाच कलह येतो, हे आपल्या वाचकांना परिचित आहे.

विद्वत्तेच्या कोशात धर्मानंद कधी रमले नाहीत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले आणि कारावास भोगला. शिरोड्याबरोबर विलेपार्ल्याच्या सत्याग्रह छावणीशीही त्यांचा संबंध होता. ही जागा मरोळपासून हाकेच्या नसली, तरी तासाभराच्या पायी अंतरावर आहे. १९३७ साली परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजन विहार उभारला. कामगार आणि दलित वस्तीतील माणसांनी तेथे यावे, हाच त्यामागील हेतू होता, आणि विहाराचे नावही तेच सांगते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे, अन्नत्याग करून, त्यांनी देह ठेवला. ज्या ‘विसुद्धिमग्गा’साठी त्यांनी चार वेळा हार्वर्डची वाट तुडविली, त्याची आवृत्ती तेथून १९५० साली निघाली. ती पाहण्यास ते नव्हते.

मरोळच्या परिसरात राहणाऱ्यांना महाकालीची, म्हणजेच कोंडिविट्याची लेणी ठाऊक आहेत. तेथील चैत्यगृहात ब्राह्मी लिपीतील दानलेख कोरलेला आहे. शेकडो वर्षे त्या डोंगराच्या पायथ्याशी माणसे राहिली, गुरे चारली, पण त्या अक्षरांचा अर्थ सांगणारे कोणी उरले नव्हते. विद्या अशीच लोपते. ती एका आघाताने मरत नाही. तिच्याकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला हे करून काय मिळणार, असा प्रश्न विचारला गेला की ती हळूहळू संपते.

तरीही हा प्रश्न विचारणारे पालक दोषी आहेत, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. सीप्झ आणि औद्योगिक वसाहतीत पाळ्या करून, एका खोलीत संसार रेटून ज्यांनी मुलांना शिकविले, त्यांची पगाराच्या नोकरीविषयीची आस्था ही भित्री समजूत नव्हे. ती अनुभवाने शिकविलेली सावधगिरी आहे. धर्मानंदांच्या मागे नारळीची बाग होती. आपल्या पुष्कळ मुलांच्या मागे तेवढेही नसते. म्हणून धैर्य धरण्याचा सगळा भार एकट्या मुलावर टाकणे अन्यायाचे होईल. मुलाने आपला कल श्रमाने सिद्ध करावा. घराने त्याच्याशी मोकळेपणी बोलावे आणि कोणाच्या वाट्याला काय येणार, याचा हिशेब सर्वांनी मिळून मांडावा. बाळाबाईंना जे विचारले गेले नाही, ते आपल्या घरातील प्रत्येकाला विचारले जावे.

आणि उरलेला भार समाजाने उचलावा. सयाजीरावांच्या ५० रुपयांवाचून धर्मानंदांना महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहिता आले असते काय, हे सांगणे कठीण आहे. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीने १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. दोन्ही वेळी रक्कम राजाच्या खजिन्याच्या मानाने किरकोळ होती, परंतु ती योग्य माणसाला योग्य वेळी मिळाली. आज राजे नाहीत. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी मात्र आहेत, आणि त्यांच्यातील अनेक जण आता कमावते आहेत. वसतिगृहातील एखाद्या मुलीला शिलालेख वाचावेसे वाटत असतील, एखाद्या मुलाला तबला किंवा वनस्पतिशास्त्र खुणावत असेल, तर त्यांच्या शिक्षणाची दोन-तीन वर्षे कोणी तरी आपल्या अंगावर घ्यावी. घरच्या मंडळींची काळजी त्यामुळे थोडी हलकी होईल, आणि त्या मुलाला रात्री लपून घर सोडावे लागणार नाही.