डॉ. मेरी वर्गीस: व्हीलचेअरवरच्या सर्जन

डॉ. मेरी वर्गीस यांचा जन्म १९२५ मध्ये केरळात झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून त्या डॉक्टर झाल्या. १९५४ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. हात मात्र शाबूत राहिले.

डॉ. पॉल ब्रँड यांच्या प्रोत्साहनाने त्या व्हीलचेअरवर बसूनच कुष्ठरुग्णांच्या हातांवर टेंडन ट्रान्सफर शस्त्रक्रिया करू लागल्या. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला टेंडन म्हणतात. या शस्त्रक्रियेत चांगल्या स्नायूचे टेंडन सोडवून लुळ्या स्नायूच्या टेंडनला जोडतात.

मानेतील मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडलेल्या काही रुग्णांनाही याच तत्त्वाचा उपयोग होतो. कोपर वाकवायला मदत करणारा एक स्नायू अंगठ्याला जोडला, तर चिमटीत चमचा किंवा पेन धरता येऊ शकते. गेलेली संवेदना मात्र यामुळे परत येत नाही. सांधे आखडले तर शस्त्रक्रियेचा फायदा कमी होतो. म्हणून फिजिओथेरपी सुरुवातीपासून करावी आणि हँड सर्जनचा सल्ला लवकर घ्यावा. नवी मुंबई-मुंबईत तो मिळू शकतो.

शस्त्रक्रियेनंतर स्नायूला नवे काम शिकवावे लागते. पुनर्वसनाचे हे महत्त्व डॉ. वर्गीस यांनी स्वतः अनुभवले होते. अमेरिकेत त्याचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी वेल्लोरचा पुनर्वसन विभाग सांभाळला. १९६६ मध्ये तिथे रुग्णांना राहून उपचार घेता येतील असे पुनर्वसन केंद्र सुरू झाले. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.