केडगावचे मुक्तिसदन : पंडिता रमाबाई यांचे जीवनकार्य

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना पंडिता रमाबाईंचे नाव आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या कार्याचा निम्मा भाग बहुधा अनुल्लेखित राहतो. पुण्याच्या शारदा सदनाची आठवण निघते, पण केडगावच्या मुक्तिसदनापाशी इतिहासकारांची लेखणी अडखळते. हे दोन्ही भाग एकत्र पाहिल्याविना या असामान्य स्त्रीचे मोठेपण ध्यानी येत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवून समाजाचा रोष ओढवून घेतला होता. रमाबाईंना विद्या मिळाली ती या मातेकडून. पुराणकथनावर निर्वाह करीत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या या कुटुंबाला दुष्काळाने गाठले. आईवडील आणि थोरली बहीण अन्नान्नदशेत निवर्तली. बंधू श्रीनिवासशास्त्री यांच्यासह रमाबाईंनी पायी देश पालथा घातला. १८७८ साली कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी त्यांचा गौरव केला. भुकेची ती वर्षे मात्र त्या कधीच विसरल्या नाहीत.

पुढे बंधूंचे निधन झाले. १८८० साली बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा आंतरजातीय, आंतरप्रांतीय विवाह झाला; दोनच वर्षांत त्यांना वैधव्य आले. कन्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तथापि तेथील धर्मगुरूंपुढेही त्यांनी आपली विचारबुद्धी गहाण टाकली नाही. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे गावोगावी व्याख्याने देऊन त्यांनी भारतीय बालविधवांची व्यथा जगापुढे मांडली. बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या नियोजित शाळेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे मान्य केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. आरंभीच्या विद्यार्थिनींत होत्या गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या आनंदीबाई. धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते. परंतु काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या आणि १८९३ साली वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुलींना घरी नेले. तटस्थतेचा शब्द मोडला असे एका पक्षाला वाटले. आपल्या घरात आपली प्रार्थना लपवावी का, हा रमाबाईंचा प्रश्न होता. त्या प्रश्नाची किंमत त्यांनी जन्मभर मोजली.

१८९६-९७ च्या दुष्काळाने त्यांना पुन्हा रस्त्यावर आणले. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली व विधवा गोळा केल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. त्याच मुक्तिसदनात १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर सुमारे दोन हजार जीव आसऱ्यास होते. प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हेळसांडीविषयी त्यांनी जाहीर पत्र लिहिले, तेव्हा त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले.

मुक्तिसदनात अन्न आयते नव्हते. मुली शेती करीत, हातमागावर विणीत, तेलघाणा चालवीत, छापखान्यात खिळे जुळवीत. अंध, अपंग, समाजाने टाकलेल्या स्त्रिया यांच्यासाठी स्वतंत्र सदने होती. तेथील चर्चची उपासकमंडळी म्हणजे याच स्त्रिया. दान घेणारे हात तेथे दुसऱ्याची शुश्रूषा करण्यास शिकले. परदेशांतून सेविका येत, तशी केडगावची प्रेरणा परदेशीही गेली. १९०५ साली तेथे झालेल्या धर्मजागृतीचा वृत्तान्त मिनी अब्राम्स यांच्या पुस्तिकेतून दूर दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचला आणि तेथील मंडळीत नवी चळवळ उभी राहिली.

खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याची छपाईही मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. आपल्यामागे कार्य सांभाळील असा आधारच गेला. तरी हातातील भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

१९८९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधारांना आश्रय देत आहे. रमाबाईंच्या श्रद्धेविषयी मतभेद असू शकतील. परंतु दारी आलेल्या भुकेल्या मुलीला त्यांनी आधी जेवू घातले आणि मग हाती पुस्तक दिले, याविषयी दुमत होणे नाही. शिक्षणाचा मार्ग पोटाच्या भुकेला वळसा घालून जात नाही, हा त्यांच्या जीवनाचा पाठ प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक पालकाने मनी धरावा असाच आहे.