संत फ्रान्सिस झेविअर यांचा अंतसमय

१५०६ साली नवारा राज्यात जन्मलेल्या व १५४२ त गोव्यास आलेल्या संत फ्रान्सिस झेविअर यांचे कार्य वाचकांस विदितच आहे. त्यांच्या अंतकाळी मात्र अखेरचा अभ्यंग देण्यास कोणी धर्मगुरू जवळ नव्हता. चीनजवळील सांचान बेटावरच्या झोपडीत, गोव्यास शिकलेला चिनी तरुण अँतोनियो व एक हिंदी सेवक एवढेच उशाशी होते.

२१ नोव्हेंबर १५५२ रोजी ताप भरला. अन्न जाईना. भ्रमात ते जे बोलत, ती भाषा अँतोनियोस कळेना. मग वाचाच गेली, ओळखही राहिली नाही. गुरुवारी शुद्धी व वाचा परतली. अशा वेळी आपली घरची माणसे हुरळतात. अँतोनियोने शुक्रवारी रात्री मरणचिन्हे ओळखली, तो जागत बसला, आणि ३ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी त्याने त्यांच्या हाती पेटती मेणबत्ती दिली. येशूचे नाव घेत त्यांनी शांतपणे प्राण सोडला.